तेल कुठे जळतं?

"घ्या, तुमची माहेरवाशीण आली परत," असं म्हणत फोरमनने तेलकट फडक्यात गुंडाळलेला जिन्नस ताईंच्या टेबलावर ठेवला.

ताईंनी हातातलं काम बाजूला सारून फडकं सोडलं. आत पेन्सिलीएवढा जाड, बोटाहून जरासा लांब पोलादी दांडा. त्याच्या एका टोकाला पात्यांचं चाक. चाकाच्या पाठीवर बारीक आकडा कोरलेला होता आणि तो त्यांच्याच हातचा होता.

"हिरव्या गाडीचा?"

"दुसऱ्या कुणाचा असणार? तिसरी खेप. यावेळी तर दीड महिनाही नांदली नाही."

फोरमन हसला, पण नेहमीसारखं मोकळं हसला नाही. जाताना दार लावून घेऊन गेला, हेही नेहमीसारखं नव्हतं.

ताई त्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं काम करत होत्या. वर्कशॉप टर्बो दुरुस्तीचं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर तो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, आणि घेतो तेही तेलाच्या केसाएवढ्या पातळ थरावर तरंगत. एवढ्या वेगात एका अंगाला तिळाच्या टरफलाइतकं वजन जास्त झालं, तरी सगळं थरथरून फुटतं. ते टरफल कुठल्या अंगाला आहे ते मशीनवर शोधायचं आणि तिथला धातू घासून काढायचा, हे ताईंचं काम. त्यावरून कुणीतरी त्यांना 'तोळामासा' नाव ठेवलं होतं. खरं तर जरा वारा लागला की अंथरूण धरणाऱ्या माणसाला लोक तोळामासा म्हणतात, आणि ताईंनी बावीस वर्षांत सर्दीचीसुद्धा रजा घेतली नव्हती. नाव पाठीमागे घ्यायचे, तोंडावर सगळे ताईच म्हणायचे.

गाड्या त्यांच्या खोलीत येत नसत. यायचे ते तुकडे. कुणाची गाडी, कुठली, कुणी चालवली, काही ठाऊक नसायचं. पण वाकलेलं पातं, घासलेली कड, रंग बदललेलं पोलाद बघून ताई सांगायच्या, हिच्या हवेच्या जाळीला भोक आहे, हिच्या तेलात माती गेलीय. फोरमन जाऊन बघायचा आणि तसंच निघायचं. बावीस वर्षांत त्यांनी तोललेला दांडा तोलासाठी म्हणून कधी परत आला नव्हता.

थोड्या वेळाने मालक स्वतः आले. खुर्ची ओढून बसले. मालक उभ्याउभ्या बोलले तर काम असायचं, बसून बोलले तर अवघड बोलायचं असायचं.

"ताई, आम्ही बाकी सगळं करून बघितलं. पहिल्या वेळी तेल बदललं. दुसऱ्या वेळी तेलाची नळी नवी टाकली, परतीची नळी सरळ करून दिली. आता फक्त..."

"आता फक्त मीच उरलेय," ताई म्हणाल्या.

"तसं नाही हो. मशीन जुनं झालंय. आणि तुमच्या चष्म्याचा नंबर एकदा तपासून घेतलात तर... नवीन मशीन बघून ठेवलंय मी. ते आपलं आपण तोलतं, माणसाने नुसतं बटण दाबायचं."

"बघा की. तुमचं वर्कशॉप."

मालक गेल्यावर ताईंना राग आला. चांगलाच आला. पण हातात तो दांडा होता, आणि दांडा बघता बघता राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. आधी त्यांनी कपाटातून नमुन्याचा दांडा काढला, ज्याचं वजन कुठे किती चुकलेलं आहे हे कारखान्यातूनच लिहून आलेलं असतं. तो मशीनवर चढवला. मशीनने तंतोतंत तोच आकडा दाखवला. म्हणजे मशीनला म्हातारचळ लागलेला नव्हता. मग डोळ्याला भिंग लावून त्या हिरव्या गाडीच्या दांड्याला चिकटल्या त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

"इकडे या," त्यांनी फोरमनला बोलावलं. "हे टोक बघा. हवेच्या बाजूचं. कसं आहे?"

"चकचकीत."

"तेल पुरलं नसतं तर हेही खरवडलं असतं. माती गेली असती तर याच्यावरही ओरखडे दिसले असते. तोल चुकला असता तर दोन्ही टोकांनी मार खाल्ला असता. आता हे धुराच्या बाजूचं बघा."

त्या टोकाला दांडा निळसर काळा पडला होता आणि त्यावर कोळशासारखी खरबरीत खपली धरली होती.

"तेल जळालंय," फोरमन म्हणाला.

"पातेल्याच्या बुडाला दूध लागतं ना, तसं लागलंय. दूध कधी लागतं? ढवळणारा हात थांबला की. इथे तेल फिरायचं थांबलंय आणि टर्बो मात्र लालबुंद आहे."

"मग सोप्पं आहे!" फोरमनने मांडीवर थाप मारली. "गाडी बेफाम दामटतो आणि खटकन बंद करतो. इंजिन बंद, तेलाचा पंप बंद. मी पहिल्या दिवशीच बजावलं होतं त्याला, थांबल्यावर दोन मिनिटं चालू ठेवायची, टर्बो निवू द्यायचा, मग चावी फिरवायची. खोटं बोलतोय नकाशेवाला."

नकाशेवाला म्हणजे हिरव्या गाडीचा मालक. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढायचा. पंचेचाळिशीचा, सडसडीत, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. त्याच्या जुन्या गाडीला मुळात टर्बो नव्हताच. त्याने तो वर्षभरापूर्वी बसवून घेतला, आणि कुठली नळी कुठून कशी न्यायची याचा नकाशा स्वतः काढून आणला. तो इतका नेटका होता की फोरमनने आधी त्याची टिंगल केली आणि मग मुकाट्याने तस्संच बसवलं.

दुपारी तो आला तेव्हा ताई पहिल्यांदाच बाहेरच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"दोन मिनिटं ठेवता का चालू?" फोरमनने दरडावून विचारलं.

"ठेवतो. घड्याळ लावून ठेवतो." नकाशेवाल्याने खिशातून लहानशी वही काढली. "ऑफिसात, पेट्रोल भरायच्या आधी, इथे आलो की इथेसुद्धा. हे बघा, तेल कधी बदललं, किती किलोमीटर झाले, सगळं आहे."

फोरमनने वहीकडे बघितलंही नाही. ताईंनी मात्र ती हातात घेतली आणि पान न् पान वाचली. मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर. खाडाखोड नाही. असा माणूस खोटं लिहीत असेल, तर एवढं रोजच्या रोज कशाला लिहील? मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो घाबरलेला नव्हता, कोड्यात पडलेला होता. मघाशी भिंगामागे त्या स्वतः पडल्या होत्या, तसाच.

घरी ताई आणि त्यांच्या सासूबाई अशी दोनच माणसं. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. कानाने कमी ऐकायच्या पण ऐकायची हौस दांडगी. वर्कशॉपमधल्या प्रत्येक तुकड्याची हकीकत त्यांना संध्याकाळी लागायची, आणि हिरव्या गाडीची तर त्या पहिल्या खेपेपासून वाट बघत असायच्या.

"मग? काय म्हणतो तो नकाशेवाला?"

"दोन मिनिटं ठेवतो म्हणतो."

"आणि तुझा दांडा काय म्हणतो?"

"दांडा म्हणतो, ठेवत नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. दोन देठं तोडून झाली, तशी म्हणाल्या, "परवा शेजारणीने मला आमटी कशी करायची विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने केली आणि सांगत आली, आजी, आळणी झाली. मीठ सांगायचं राहिलंच होतं! अगं, साठ वर्षं मीठ माझा हात टाकतोय. मला कुठे आठवतंय ते? तिने माझ्या शेजारी उभं राहून बघायला हवं होतं."

ताई हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. मला गाडीत बसायला हवं."

"काय आडवं यायला हवं?"

"गाडीत! बसायला!" ताई ओरडल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मालकांनी आढेवेढे घेतले. फोरमन म्हणाला, ताई, बावीस वर्षांत तुम्ही बसखेरीज कशात बसला नाहीत. पण दोघांकडेही दुसरा काही इलाज नव्हता. नवा दांडा ताईंनी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावून तोलला, फोरमनने टर्बो जोडून गाडीत बसवला, आणि शनिवारी दुपारी नकाशेवाल्याचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर ताई हिरव्या गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर कागद-पेन.

"रोज चालवता तशी चालवा. मी नाहीच असं समजा."

"बरं," तो म्हणाला, आणि पहिली दहा मिनिटं परीक्षेला बसल्यासारखी गाडी हाकली. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले आणि तो बोलायला लागला. त्याचं घर टेकडीच्या पलीकडे होतं. दुपारी जेवायलाही तो घरीच जायचा, त्यामुळे दिवसातून दोनदा चढ चढून घरी येणं व्हायचं. चढ चार किलोमीटरचा, वळणावळणाचा.

चढ लागला तसा त्याने पाय दाबला. पुढून एक बारीक शीळ ऐकू आली, ती चढत चढत गेली, आणि एकाएकी कुणीतरी पाठीमागून उचलून ढकलावं तशी गाडी झेपावली. ताईंची पाठ सीटला चिकटली. शिळेचा तो आवाज त्यांनी तोललेल्या दांड्याचा होता. इतकी वर्षं मशीनवर जे गुणगुणताना ऐकलं, ते असं गातं हे त्यांना माहीत नव्हतं.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

त्याने चमकून बघितलं. ताईंचे डोळे लकाकत होते. पुढच्या सरळ रस्त्यावर त्याने पुन्हा केलं, आणि पंचावन्न वर्षांची ती बाई लहान मुलीसारखी मोठ्याने हसली.

माथ्यावर रस्ता डावीकडे वळला. तिथून खाली एक अरुंद गल्ली उतरत होती, दोन्हीकडे बैठी घरं. तो सांगत होता, "फोरमनसाहेब म्हणतात की जाड तेल टाका, पण माझं म्हणणं असं की थंडीत जाड तेल लवकर वर..." आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावरून सुटला, चावीकडे गेला, चावी एक घर मागे फिरली. इंजिन गप्प झालं. हात परत चाकावर आला. "...लवकर वर चढत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

गाडी उतारावरून आपली आपण घरंगळत निघाली. टायरखाली खडी चुरचुरत होती, एका अंगणात कपडे वाळत घालणारी बाई दिसली, आणि एवढी शांतता होती की तिच्या हातातला चिमटा पडलेलाही ऐकू आला. शंभरेक पावलं जाऊन गाडी एका निळ्या फाटकाशी अलगद थांबली.

सापडलं! ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तापलेला टर्बो, बंद पंप, रोज दोनदा. दूध लागणार नाही तर काय होणार?

"गाडी बंद केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो. आलं ना घर."

"आत्ता नाही. वर. गल्लीच्या तोंडाशी."

"वर?" त्याने मागे वळून उताराकडे बघितलं, मग चावीकडे. चावी फिरलेली होतीच. "अरेच्चा. हो. ते... बाबा झोपलेले असतात ना. आवाजाने दचकतात, म्हणून मी वरूनच..."

तो थांबला.

"म्हणजे, असायचे," तो म्हणाला.

ताईंनी मांडीवरचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"कधी गेले?"

"सव्वा वर्ष झालं." तो अजून चावीकडेच बघत होता. "पक्षाघाताचा झटका आला होता. नऊ वर्षं अंथरुणावर होते. भांडं पडलं तरी घाबरून रडायला लागायचे. तेव्हा साधंच इंजिन होतं गाडीला, काही बिघडायचं नाही. टर्बो मी ते गेल्यावर बसवला. हात रिकामे पडले होते, काहीतरी करायला हवं होतं. पण हे... मी अजून करतो हे मला खरंच माहीत नव्हतं हो. मी खोटं नाही बोललो."

"माहितेय मला. तुमची वही वाचलीय मी," ताई म्हणाल्या.

त्याने चहा घ्या म्हणून आग्रह केला. घर लहान, टापटीप. फाटकाच्या बिजागऱ्यांना भरपूर वंगण. दाराच्या चौकटीला आतून रबराची पट्टी. टेबलखुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे कापून बसवलेले तुकडे. भिंतीवरचं घड्याळ टोले न देणारं. चहाचं आधण ठेवताना त्याने पातेलं गॅसवर असं टेकवलं की टेकवल्याचं कळलं नाही. नऊ वर्षं या माणसाने अख्ख्या घराच्या तोंडावर हात ठेवला होता. हे ताईंच्या मनात आलं, आणि मघाशी आपण 'सापडलं' म्हणून ओरडणार होतो याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी आनंद काही पुरता जाईना. खरं सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी होतं.

"मग आता काय करायचं?" त्याने कप पुढे ठेवत विचारलं.

"काही अवघड नाही. गाडी चालू ठेवूनच खाली आणायची. फाटकाशी दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. मग बंद."

"इथे? फाटकाशी?" त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत खोली रिकामी होती, खिडकीतून ऊन आलं होतं.

"जमेल?"

"जमेल ना," तो म्हणाला. मग नजर त्या दाराकडेच ठेवून, "जमायला हवं."

सोमवारी ताईंनी फोरमनला आणि मालकांना समोरासमोर सांगितलं. गाडी चढ चढून तापते, माथ्यावर बंद होते आणि उतारावरून घरंगळत घरी जाते. तेल तिथे जळतं. वहीत ते नाही, कारण ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"उतारावर बंद?" फोरमन खो खो हसला. "पेट्रोल वाचवतो काय लेकाचा! एवढा चिक्कू माणूस..."

"चिक्कू नाही तो," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण फोरमनचं हसू तिथेच आटपलं. "घरचं कारण होतं. आता नाही."

त्यापुढे कुणी विचारलं नाही. मालक उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमचा तोल बरोबर होता, ताई." नवीन मशीन पुढल्या महिन्यात आलंच. बटण दाबायला ताईंनाच बसवलं. त्याने तोललेला प्रत्येक दांडा ताई जुन्या मशीनवर पुन्हा चढवून बघायच्या, आणि मालक ते बघूनही न बघितल्यासारखं करायचे.

हिरव्या गाडीचा दांडा काही परत आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. सासूबाईंना मात्र राहवेना.

"तो थांबतो का गं आता फाटकाशी?"

"थांबत असेल. बिघाड नाही आला."

"असेल म्हणजे? बघितलंस का?"

ताईंनाही तेच वाटत होतं. एका शनिवारी त्यांनी अर्धी रजा टाकली, टेकडीवरून जाणारी बस धरली आणि माथ्यावर उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. आपण हे काय करतोय, कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं एकदा वाटून गेलं. मग चढावरून शीळ ऐकू आली आणि वाटायचं राहिलं.

हिरवी गाडी वळली. इंजिन चालू. ती त्यांच्यासमोरून घरघरत उताराला लागली. त्याचं लक्ष पुढेच होतं, दोन्ही हात चाकावर घट्ट. अंगणातल्या बाईने मान वर करून पाहिलं. एका खिडकीचा पडदा हलला. गाडी निळ्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि तशीच घरघरत राहिली. ताईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. एक मिनिट. दोन. तीन झाली तरी आवाज चालूच होता. आत त्याची मान दिसत होती, ताठ, घराकडे वळलेली.

पाचव्या मिनिटाला इंजिन बंद झालं. गल्ली एकदम रिती रिती वाटली. तो लगेच उतरला नाही. मग गाडीचं दार उघडलं, तो बाहेर आला, पिशवी खांद्याला लावली. दार धाडकन लोटलं नाही. दोन्ही तळवे टेकवून, जरा ओणवा होऊन, त्याने ते हळूहळू दाबत नेलं आणि आवाज होऊ न देता लावलं.

ताई कुंपणापासून निघाल्या आणि परतीच्या बसची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.